गोश-ए-फील : अफगाणी ईदेचा कुरकुरीत कान घरी कसा करावा

अफगाणिस्तानात ईदच्या दिवशी कुणाकडे गेलं की चहा यायच्या आधीच दस्तरखान भरलेला असतो. साखरेच्या पुटातले बदाम (त्यांना तिथे नुक्ल म्हणतात), मनुका, सुकवलेली तुती, कुलचे (तिथली बिस्किटं), केक आणि या सगळ्यांच्या मधोमध एका मोठ्या ताटात एकावर एक रचलेली पातळ, फोड आलेली तळीव पानं. वरून पिठीसाखर आणि हिरव्यागार पिस्त्याची पूड. हे गोश-ए-फील. दरी भाषेत नावाचा अर्थ हत्तीचा कान, आणि आकारही तसाच. एका टोकाला चिमटीत धरून चुण्या घातलेल्या, दुसऱ्या टोकाला पंख्यासारखा उघडलेला.

ईदखेरीज हे नवरोजला होतं आणि लग्नकार्यात होतं. नवरोज म्हणजे २१ मार्चच्या सुमारास सुरू होणारं नवं वर्ष. २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आल्यावर त्याची सरकारी सुट्टी गेली, तरी घरातलं गोडधोड सुट्टीच्या यादीकडे बघून होत नाही. लग्न ठरल्यावर तिथे शिरीनीखोरीचा समारंभ असतो, साधारण आपल्या साखरपुड्यासारखा. मिठाईनं भरलेली ताटं एका घरून दुसऱ्या घरी जातात, आणि अशा ताटांत गोश-ए-फील शोभूनही दिसतं, कारण वजनाला काहीच नसलं तरी ताट भरगच्च वाटतं.

शेजारच्या इराणमध्येही याच नावाचा पदार्थ आहे, पण तो पाकात बुडवतात, आणि इस्फहानमध्ये तर त्याच्याबरोबर दूग म्हणजे खारं ताक पितात. ती जोडी अफलातून असेल, पण तो वेगळा पदार्थ झाला. अफगाणी गोश-ए-फीलला पाक नाही. पिठात साखर जेमतेम चवीपुरती, गोडी सगळी वरून. त्यामुळे तोंडात आधी साखर आणि वेलची येते, मग कुरकुरीतपणा, आणि शेवटी अंड्या-दुधाची हलकी चव.

चिरोटे करणाऱ्या घरात हे पटकन जमावं, पण चिरोट्याच्या दोन सवयी सोडाव्या लागतात. इथे साटा नाही, थर नाहीत. एकच पारी, आणि ती जितकी पातळ तितकं चांगलं. आणि चिरोट्यासारखं मंद आचेवर निवांत तळायचं नाही. कढईतलं काम अर्ध्या-पाऊण मिनिटाचं आहे. खरं सांगायचं तर गोश-ए-फील बिघडतं ते पोळपाटावर, कढईत ते फक्त दिसून येतं. म्हणून या लेखात लाटण्यावर जास्त आणि तळण्यावर त्या मानानं कमी लिहिलं आहे.

साहित्य (साधारण २४ नगांसाठी)

मैदा ३०० ग्रॅम, म्हणजे २४० मिलीच्या कपानं अडीच कप
अंडी २, मध्यम आकाराची
दूध ६० मिली, कोमट
पातळ केलेलं तूप किंवा वासाविना तेल २ टेबलस्पून
साखर २ टीस्पून
मीठ पाव टीस्पून
ताजी वेलचीपूड अर्धा टीस्पून
लाटताना लावायला कॉर्नफ्लोअर
तळायला पाऊण ते एक लिटर तेल

वरून घालण्यासाठी: पिठीसाखर १०० ग्रॅम, बिनमिठाचे पिस्ते ५० ग्रॅम, वेलचीपूड १ टीस्पून

गुलाबपाणी हवं असेल तर दुधातलं एक टीस्पून कमी करून तेवढं घाला. पुष्कळ अफगाण घरांत घालतात. माझं मत विचाराल तर पिठात नकोच. तळल्यावर त्याचा वास फारसा उरत नाही आणि बाटलीतलं हलक्या प्रतीचं गुलाबपाणी असेल तर मागे नुसता कडवटपणा राहतो.

मैद्याऐवजी कणिक चालेल का, हा प्रश्न येतोच. नाही चालणार. कोंड्याचे कण पारीला आतून कापतात, आणि आपल्याला हवी तेवढी पातळ लाटायला गेलं की ती फाटते. बेकिंग पावडर किंवा सोडाही नको. पानावर जे फोड येतात ते पिठातल्या पाण्याची वाफ होऊन येतात. सोडा घातला तर फोड कमी आणि नुसती पिठूळ फूग जास्त, शिवाय रंगही लवकर चढतो.

मोहनाचा मोह आवरा. शंकरपाळ्यांना आपण सढळ हातानं तूप घालतो, पण इथे दोन टेबलस्पूनच्या वर गेलात तर पीठ ठिसूळ होतं आणि लाटताना कडा फुटतात. अगदी वगळलंत तर तळलेलं पान चिवट लागतं. पिठातली साखर वाढवणंही महागात पडतं. साखर, दूध आणि अंडं तिन्ही लवकर लाल होणारी, त्यामुळे पान आतून सुकायच्या आधीच वरून तपकिरी होतं.

पीठ मळणं आणि मुरवणं

अंडी फोडताना एक चमचाभर पांढरं बाजूला वाटीत काढून ठेवा. पुढे चुण्या चिकटवायला ते लागेल. बाकीची अंडी, साखर आणि मीठ एकत्र फेटा. फेस काढायचा नाही, पांढरं-पिवळं एकजीव झालं की पुरे. त्यात कोमट दूध, तूप आणि वेलचीपूड घाला. दूध खरोखर कोमटच असू द्या. गरम असेल तर अंड्याच्या गुठळ्या होतात.

मैदा परातीत चाळून घ्या, मधे आळं करा, त्यात हे मिश्रण ओता आणि बोटांनी कडेचं पीठ आत घेत मिसळा. सुरुवातीला गोळा हाताला चिकटेल आणि वाटेल की मैदा कमी पडला. लगेच मैदा ओतू नका. पाच मिनिटं झाकून ठेवा, मैदा ओलावा शोषून घेतो, मग पुन्हा मळायला घ्या. तरीही फारच चिकटत असेल तर चमच्या-चमच्यानं घाला. अंडी लहान निघाली आणि पीठ कोरडं वाटलं तर दुधाचा हात लावा.

आता आठ-दहा मिनिटं चांगलं मळा. तळहाताच्या टाचेनं पुढे ढकलायचं, दुमडायचं, फिरवायचं. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट आणि पुरीच्या पिठापेक्षा किंचित सैल असा गोळा झाला पाहिजे. बोट दाबलं तर खळगा हळूहळू वर यायला हवा. पृष्ठभाग गुळगुळीत दिसेपर्यंत मळणं थांबवू नका, कारण तो गुळगुळीतपणा पारीच्या कडांवर उतरतो.

गोळ्याला तेलाचा हात लावून तो झाकणाच्या डब्यात ठेवा आणि किमान दोन तास मुरू द्या. ही वेळ छाटायची नाही. मळताना मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं. लगेच लाटायला घेतलं तर पारी रबरासारखी मागे येते, तुम्ही जोर लावता, मधे पातळ आणि कडेला जाड अशी पारी तयार होते. दोन तासांनी तोच गोळा लाटण्याला सहज साथ देतो. पिठात अंडं आहे, त्यामुळे आपल्याकडच्या उकाड्यात डबा फ्रिजमध्येच ठेवा आणि लाटायच्या वीसेक मिनिटं आधी बाहेर काढा. रात्री मळून सकाळी केलंत तरी छान होतं.

तोवर पिस्ते आणि साखर

अफगाणिस्तानच्या उत्तरेला बादगीस आणि समंगान या प्रांतांच्या डोंगरउतारांवर पिस्त्याची रानं आहेत. तिथला पिस्ता आकारानं बारीक, पण गर गर्द हिरवा. त्याची पूड नुसती पिठीसाखरेवर पडली तरी ताट उजळतं. आपल्या बाजारात मिळणाऱ्या मोठ्या पिस्त्याला तो रंग आणायचा असेल तर साल काढावी लागते. पिस्ते उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा, निथळून कापडात गुंडाळा आणि चोळा. जांभळट साल सुटून येते. मग ते पंख्याखाली पूर्ण वाळवा. घाई असेल तर तव्यावर अगदी मंद आचेवर फिरवा, पण भाजू देऊ नका, रंग जातो. ओलसर पिस्ते वाटले तर साखरेत मिसळून चिखल होतो.

मिक्सरला सलग फिरवायचं नाही. दोन-तीन सेकंद चालू, बंद, डबा हलवा, पुन्हा चालू. सलग फिरवल्यावर पिस्त्याला तेल सुटतं आणि पुडीचा गोळा होतो. रवाळ पूड हवी. थोडे जाडसर कण राहिले तर दाताखाली बरेच वाटतात.

पिठीसाखर घरी दळत असाल तर १०० ग्रॅम साखरेबरोबर एक टीस्पून कॉर्नफ्लोअर घालून दळा, म्हणजे ती गोळे धरत नाही. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये ते आधीच असतं. साखरेत वेलचीपूड मिसळून ठेवा. पिस्ता मात्र वेगळा ठेवायचा.

लाटणं

मुरलेला गोळा पुन्हा मळायला जाऊ नका, सगळा आराम फुकट जाईल. नुसता लांबट वळून त्याच्या २० ग्रॅमच्या लाट्या तोडा. साधारण २४ होतील. सगळ्या गोल करून ओलसर कापडाखाली झाका.

काबूलकडे मांतू आणि आशक (मोमोसारखे सारण भरलेले पदार्थ) करायला लांब आणि बारीक लाटणं वापरतात, तेच इथेही चालतं. आपलं पोळीचं बारीक लाटणं उत्तम. मधे फुगीर असलेलं लाटणं पारीच्या मधे खड्डा पाडतं, ते टाळा. पोळपाट गुळगुळीत हवा. नक्षीचा किंवा जुना चिरा पडलेला असेल तर सरळ ओट्यावर लाटा.

लाटायचं दोन टप्प्यांत. एक लाटी तळहातात चपटी करा, कॉर्नफ्लोअरमध्ये टेकवून झटका आणि पुरीएवढी, म्हणजे आठेक सेंटीमीटरची लाटून बाजूला ठेवा. अशा सहा-आठ करा. मग पहिलीकडे परत या. एवढ्या वेळात ती सैलावलेली असते. आता ती १६ सेंटीमीटरपर्यंत लाटा, म्हणजे जेवणाच्या ताटाऐवजी मोठ्या बशीएवढी. एका दमात लाटायला गेलात तर बारा सेंटीमीटरच्या पुढे पीठ भांडायला लागतं, आणि जोरानं जिंकण्यात अर्थ नसतो.

लाटण्याचा दाब मधून कडेकडे न्या आणि दर दोन फेऱ्यांनी पारी थोडी फिरवा. कडांकडे लक्ष ठेवा. आपला हात मधे जास्त चालतो आणि कड जाड राहते. जाड कड तेलात फुलत नाही, दाताला लागते. पारी एक मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची झाली पाहिजे. मोजायची गरज नाही. ती उचलून छापील कापडावर टाका: खालची नक्षी दिसली तर झाली, नुसता रंग दिसला तर अजून लाटा.

मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअरची पिठी लावायला सांगितलं त्याचं कारण म्हणजे मैदा पारीत शिरून पीठ घट्ट करत जातो. पण जास्तीची पिठी कुठलीही असो, तेलात उतरून तळाशी बसते, करपते आणि पुढच्या पानांवर काळे ठिपके सोडते. तळण्याआधी पारीच्या दोन्ही बाजू कोरड्या ब्रशनं किंवा हातानं हलक्या झटकून घ्या.

लाटलेल्या पाऱ्या कोरड्या सुती कापडाखाली सुट्या ठेवा. एकमेकींवर ठेवल्या तर चिकटतात. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ उघड्या राहिल्या तर कडा कडक होऊन चुण्या घालताना तडकतात, म्हणून सगळ्या २४ आधी लाटून ठेवायच्या भानगडीत पडू नका. आठ लाटायच्या, वळायच्या, तळायच्या. मग पुढच्या आठ. परदेशात राहणारी बरीच अफगाण मंडळी पास्ता मशीन वापरतात. तुमच्याकडे असेल तर खुशाल वापरा, एकसारखी जाडी मिळते. नंतर वाटीनं गोल कापून घ्या.

कान वळणं

मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या हातांना इथे काही शिकवावं लागत नाही, फक्त कमी कळ्या पाडायला सांगावं लागतं.

पारी समोर सपाट ठेवा. तुमच्याकडच्या कडेचा मध्य पकडा. आता त्या मध्याच्या डावीकडची तीन-चार सेंटीमीटर कड उचलून मध्यावर आणा, ही पहिली चुणी. तशीच उजवीकडून दुसरी आणा. दोन्ही एकमेकींवर येतात तिथे वर उभं राहिलेलं पीठ हलकं दाबून तिसरी करा. तीनच. अंड्याच्या पांढऱ्यात बोटाचं टोक बुडवून चुण्यांच्या मधे पुसटसं फिरवा आणि अंगठा व तर्जनीनं टोकाकडचे दोन सेंटीमीटर घट्ट चिमटा. वरचा भाग मोकळा, उघडा राहू द्या.

तीनपेक्षा जास्त चुण्या किंवा लांबच लांब चिमटा दिसायला सुरेख असतो, पण त्या जागी पिठाचे सहा-सात थर एकमेकांवर येतात. पान चाळीस सेकंदांत तळून होतं; एवढ्या वेळात तो चिमटलेला दांडा आतून शिजत नाही. ताटातलं गोश-ए-फील टोकाला कुरकुरीत आणि देठाला कच्चं लागत असेल तर दोष इथलाच असतो.

पांढऱ्याऐवजी पाणी लावलं तरी चिकटतं, पण पाण्याचा थेंब राहून गेला तर तेल उडतं. म्हणून पुसटसंच.

मुलांना कामाला लावायचं असेल, किंवा गोल लाटणं जमत नसेल, तर दुसरा आकार सोपा आहे. एक मोठी पारी लाटून तिच्या दहा बाय पाच सेंटीमीटरच्या पट्ट्या कापा आणि प्रत्येक पट्टी बरोबर मधे चिमटा. बो तयार होतो. हाही आकार अफगाण घरांत चालतो, आणि डब्यात रचायला कानापेक्षा सोयीचा पडतो.

तळणं

पसरट कढई घ्या, किमान २५ सेंटीमीटर तोंडाची, आणि तेल पाच सेंटीमीटर खोल असू द्या. तापमान १७० ते १७५ अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर पारीचा नखाएवढा तुकडा टाकून बघा. तो तळाला न टेकता लगेच वर आला, भोवती बारीक बुडबुडे आले आणि वीसेक सेकंदांत फिकट सोनेरी झाला तर तेल बरोबर. पाच-सात सेकंदांत लाल झाला तर आच कमी करून थांबा.

एका वेळी एकच पान. चिमट्यानं दांडा धरा आणि आधी तोच तेलात बुडवून पाच सेकंद तसाच ठेवा, म्हणजे चिमटा पक्का बसतो आणि जाड भागाला थोडा जास्त वेळ मिळतो. मग पान हळूच तेलावर आडवं सोडा. सोडताच ते पसरतं आणि सगळीकडे फोड उठतात. काही वाटाण्याएवढे, काही लिंबाएवढे. ते दाबायचे नाहीत, पारीला टोचेही मारायचे नाहीत. फोडांशिवाय गोश-ए-फील म्हणजे नुसती तळलेली पोळी.

पहिली पाच-सहा सेकंद पान लवचीक असतं. त्याच वेळात झाऱ्यानं एक कड किंचित वर उचलून धरली तर कानाला बाक येतो. नंतर ते कडक झालं की वाकत नाही, मोडतं. पंधरा-वीस सेकंदांनी उलटा, तेवढाच वेळ दुसरी बाजू तळा आणि दांड्यावर झाऱ्यानं थोडं तेल उडवा. काढायचा रंग म्हणजे फिकट सोनेरी. कढईत थोडं कच्चं वाटत असतानाच काढा, कारण बाहेर आल्यावरही आतल्या उष्णतेनं एक छटा चढते. बदामी होईपर्यंत थांबलात तर पिस्त्याचा हिरवा रंगही त्यावर मळका दिसतो.

निथळायला पानं सपाट टाकू नका. तेल साठतं ते चुण्यांमध्ये. म्हणून चाळणीत दांडा खाली करून, कडेला टेकवून उभी ठेवा. दोन मिनिटांनी जाळीवर किंवा कागदावर घ्या.

एकट्यानं करत असाल तर लाटण्याच्या वेळेत गॅस बंद ठेवा. कढई मंद आचेवर नुसती चढलेली राहिली तर तेल नकळत तापून जातं आणि पुढचं पहिलंच पान करपतं. दोघं असलात तर एकानं लाटून वळावं, दुसऱ्यानं तळावं. सणाच्या आधी अफगाण घरांत बायका मिळूनच हे काम उरकतात. निम्मी पानं झाल्यावर तळाशी पिठी दिसली तर तेल थंड करून गाळून घ्या.

साखर कधी घालायची

पान हाताला कोमट लागत असताना. फार गरम असेल तर पिठीसाखर वरच्या तेलात विरघळून चकचकीत डाग पडतात. गार झाल्यावर घातली तर चिकटत नाही, ताटातच राहते. चहाच्या गाळणीत साखर घेऊन एक हात वर धरून हलवा, पान उलटून दुसऱ्या बाजूलाही थोडी घाला, मग फक्त वरच्या बाजूला पिस्ता. प्रत्येक पानाला टीस्पूनभर साखर पुरते. पिस्त्याची पूड मुख्यतः फोडांच्या खळग्यांत बसते, तिथेच जास्त टाकली तर हलवताना सांडत नाही.

बिघडलंच तर

पान मऊ किंवा चिवट झालं तर बहुधा पारी जाड होती. क्वचित तेल थंड होतं. दोन्हीतला फरक ओळखायचा तर पान मोडून बघा. कागदावर तेल उमटलं तर तेल थंड होतं, नाही उमटलं तर लाटण्यात कसर राहिली. फोड आलेच नाहीत, तर पारी फार वाळली किंवा मोहन जास्त झालं. एकच भला मोठा फुगा येऊन पान पुरीसारखं गोल झालं तर पारीची जाडी असमान होती. खाण्यात काही कमी नाही, फक्त कान दिसत नाही. चिमटलेल्या चुण्या कढईत उघडल्या तर पुढच्या पानाला दांडा धरून ठेवायची वेळ पाच सेकंदांवरून आठवर न्या.

साठवण

बिनसाखरेची पानं पूर्ण गार करून हवाबंद डब्यात ठेवली तर चार-पाच दिवस कुरकुरीत राहतात. साखर घातलेली त्याच दिवशी संपवावीत. साखर हवेतला ओलावा ओढते आणि पान खालून नरम पडायला लागतं. काबूलची कोरडी हवा आणि मुंबई-कोकणातला दमटपणा यांत फरक आहेच, पावसाळ्यात तर दोन दिवसांच्या वर भरवसा ठेवू नका. नरम पडलेली बिनसाखरेची पानं १५० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये चार-पाच मिनिटं ठेवून गार केली की पुन्हा कुरकुरतात. कुणाला द्यायची असतील तर पानं, साखर आणि पिस्ता तिन्ही वेगळी बांधून द्या.

बरोबर काय

चहा. अफगाणिस्तानात बिनदुधाचाच जास्त: वेलची घातलेला हिरवा, चाय सब्ज, किंवा काळा, चाय सियाह. गोश-ए-फील गोड असल्यामुळे चहात साखर नसली तर बरं. सणासमारंभाला कैमाक चाय होतो. हिरवा चहा उकळून, चिमूटभर खायचा सोडा घालून, उंचावरून पुन्हा पुन्हा ओतायचा. हवा आणि सोडा मिळून त्याला लालसर रंग येतो, दूध घातलं की गुलाबी होतो आणि वर साय, म्हणजे कैमाक. काश्मिरी गुलाबी चहा प्यायला असाल तर अंदाज येईल. त्याच्याबरोबर मात्र पानांवर साखर निम्मी करा.

आयतं खाऊन बघायचं असेल तर दिल्लीत लाजपतनगरला अफगाण बेकऱ्या आणि खानावळी आहेत. ईदच्या आसपास तिथे विचारून बघा. पुण्यात अफगाण विद्यार्थी बरीच वर्षं शिकायला येतात, त्यांच्यापैकी कुणाशी ओळख असेल तर त्यांच्या घरची पद्धत जरूर विचारा. प्रत्येक घराचं दुधाचं प्रमाण वेगळं निघेल आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटेल.

अंड्याशिवाय

अंडी न खाणाऱ्या घरासाठी दोन अंड्यांच्या जागी ६० ग्रॅम घट्ट, फार आंबट नसलेलं दही घ्या, दूध ६० ऐवजी ९० मिली करा आणि तूप एक टीस्पून वाढवा. दूध एकदम ओतू नका, दह्यातलं पाणी कमी-जास्त असतं. चुण्यांना पांढऱ्याऐवजी दुधाचं बोट लावा. मुरवणं, लाटणं, वळणं सगळं तसंच. पान कुरकुरीत होतं, फोडही येतात, पण अंड्यानं येणारा हलकेपणा येत नाही, आणि डब्यात ते लवकर नरम पडतं, तेव्हा करायचं त्याच दिवशी खायचं. एखादी अफगाण आजी याला गोश-ए-फील म्हणणार नाही कदाचित, पण ताट रिकामं व्हायला त्यानं अडत नाही.

सणाला ४८ नग हवे असतील तर प्रमाण दुप्पट करून एकच मोठा गोळा मळू नका. एका गोळ्याच्या पाऱ्या लाटून होईपर्यंत उरलेलं पीठ बाहेर राहून सैल पडतं. तासाभराच्या अंतरानं दोन गोळे मळा, दोन्ही फ्रिजमध्ये ठेवा आणि पहिला संपत आला की दुसरा बाहेर काढा.